चुन्याचे थर

आगशीला नदीकडे वळलं की
वांग्यांच्या मळ्याच्या कडेला, बांधावर,
कमरेएवढा एक खुरीस.
मार्चमध्ये खात्याच्या वहीत त्याला क्रमांक मिळाला.
त्याआधी तो नुसताच पिएदादचा खुरीस होता.

मी ड्राफ्ट्समन. बाई असले तरी हुद्दा तोच.
माझं काम दगड दिसतो तसा काढणं,
मानतात तसा नव्हे.

डॉ. तामणे म्हणाले, पाठीवर अक्षरं असावीत,
बोटाला लागतात.
पण वर कितीतरी पिढ्यांचा शिंपल्यांचा चुना,
दर वर्षी मे महिन्यात, फेस्ताच्या आदल्या दिवशी, एक हात.

मग स्काल्पेल. मग बांबूची काडी. मग ओला कापूस.
पापुद्रा निघाला, त्याखाली पापुद्रा.
एक निळसर.
‘त्या साली नीळ जास्त पडली, लग्न होतं माझं,’
पिएदाद म्हणाली.
एकात कुंचल्याचा केस, एकात गवताचं बी.
एकावर धुराचा डाग,
त्याचं सांगायला कुणी उरलं नव्हतं.
जमीन खणताना आम्ही थरांना शतकं वाटतो.
इथे थर म्हणजे एक उन्हाळा,
एक बाई, एक बादली.

‘सवकास गो बाय,’ ती म्हणायची, ‘ताका दुखतलें.’
शाणू गावडे हसला नाही.
तोही चर खणायला उतरताना चपला वर काढायचा.
का, ते मी कधी विचारलं नाही.

सतराव्या दिवशी अक्षरं.
ओहोटीच्या चिखलात बगळा चालून गेल्यासारखी,
उजवीकडून डावीकडे.
तामणे सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
पहलवी, म्हणाले. बहुधा.
(बहुधा हा आमच्या खात्याचा आमेन.)

ठसे पुण्याला गेले, तिथून आणखी लांब.
एकाचं उत्तर आलं, आठवं शतक.
दुसऱ्याचं, दहाव्याच्या आधी शक्यच नाही.
तिसऱ्याने विचारलं, ही अक्षरंच आहेत कशावरून?
पाद्री विचारत होते, हे वेदीवरून कधी सांगू?
सरपंच विचारत होते, रस्ता रुंद होणार ना?
मळेवाला विचारत होता, सरकार वांगी नेणार का?

पिएदादने एकदाच विचारलं.
‘नाव काय त्याचं?’
कुणाचं?
‘कोरलं त्याचं.’
ते आमच्याकडे नव्हतं.

दगड जांभा नाही. काळा, बाहेरचा,
जहाजाच्या नीरमातला असेल. बहुधा.
रेघ ओढताना मला तो माणूस दिसायचा,
वारा फिरायची वाट पाहत चार महिने अडकलेला.
देऊळ नाही, पाद्री नाही,
आपल्या भाषेत शिंकणारंही कुणी नाही.
पोटातला भार उतरवावा तसा
जहाजातून एक धोंडा उतरवला
आणि छिन्नी मागून आणली, कुणाकडून तरी.
शाणूच्या कुणाकडून?
हे मी चित्रात काढलेलं नाही.

दोन मेला संध्याकाळी
मी फळा ठोकत होते. चुना, तेल, मेणबत्ती लावण्यास मनाई.
ती बादली घेऊन आली.
फळा सगळा वाचला,
चष्मा पदरासारखा सावरला आणि विचारलं,
‘तुझं काढून झालं?’
झालं.
‘सगळं? मागचंसुद्धा?’
मागचंसुद्धा.
‘मग उद्या फेस्ताला तो उघडाच उभा राहायचा?’

नियम मला पाठ होता.
हातोडी मात्र हातातून खाली ठेवली गेली.
बादली जड होती, तिचा खांदा दुखत होता,
बादली मी धरली.

पुढून तिने भरभर हात मारला.
मागे आली तेव्हा कुंचला निथळून घेतला, दोनदा,
आणि अक्षरांवरून इतका पातळ फिरवला
की ओल्या चुन्यातून ती थोडा वेळ दिसत राहिली.
मग वाळली.

अहवालात माझा एकच रकाना होता.
लेप : शिंपल्यांचा चुना. थर : एकाहत्तर.
टंकायला देण्याआधी
मी तो आकडा खोडून बहात्तर केला.
तामणे सरांनी सही करताना त्यावर बोट ठेवलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि पान उलटलं.