इथला प्रमुख कोण?

पहिल्याच दिवशी कप्तानानं विचारलं,
इथल्या सुरक्षेचा प्रमुख कोण?
मी दुभाष्या. रोजंदारी त्यांची, बूट माझे.
प्रश्न गोरू-बांदाच्या लोकांपुढे ठेवला
आणि बाजरीच्या बाजारात बराच वेळ
कुणी काही बोललं नाही.

मग बुबे म्हणाला,
प्रमुख असा नाही बाबा.
नदीच्या उतारावर मी गाढवं मोजतो.
येताना सात, जाताना आठ,
तर आठव्याची चौकशी होते.
हाम्सातू दूध विकते.
गुराख्यांच्या ज्या तांड्यातून सकाळी दुधाचा भोपळा आला नाही,
तिथे दुपारपर्यंत कुणीतरी जाऊन येतं.
चोरी झाली की तराजूच्या छपरात बसतो,
दोन्हीकडचे शिव्या देतात,
संध्याकाळी वासरू परत मिळतं.
कधी मिळतही नाही.

हे सगळं मी कप्तानाला सांगितलं.
त्यानं वहीत लिहिलं : काही नाही.

काही नाही म्हटलं की काहीतरी आणावं लागतं.
वाळूच्या पोत्यांची भिंत आली,
रात्रभर घुरघुरणारा जनरेटर आला,
आणि मुमुनीला वॉकीटॉकी.
मुमुनी तेवीस वर्षांचा, आवाज मोठा, फ्रेंच बरी.
त्याच्या जाकिटावर पाठीमागे लिहिलेलं : समिती.
समितीत तो एकटाच.

मोटरसायकली बंद.
जनावरांची वाट छावणीच्या दारावरून जायची, तीही बंद.
उतारावर आता मुमुनी बसायचा.
तो गाढवं नाही, नाणी मोजायचा.
भोपळे यायचे थांबले.
हाम्सातू म्हणाली, आता कोण हरवलंय ते कळायचं कसं?
मी भाषांतर केलं.
कप्तान म्हणाला, दूध बाहेरून मागवू.

कुंपणानं शेत खाल्लं म्हणावं,
तर कुंपणही आमचं नव्हतं.

वरून कुणीतरी आपल्याकडे बघतं
हे आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं.
हा बघणारा निराळा निघाला.
रमातूचे तिन्ही मुलगे रात्री बैल शोधायला गेले,
हातात काठ्या.
वरून काठी बंदुकीसारखी दिसते,
असं मला समजावण्यात आलं,
म्हणजे मी तिला समजवावं.
त्यांनी जो शब्द वापरला
त्याला आमच्यात शब्द नाही. मी 'चूक' म्हणालो.
त्यांचा शब्द चूक हा नव्हता.
रमातूनं मान हलवली. तेवढंच.
ते मला अजून फेडता आलेलं नाही.

मग राजधानीत कुणी उठलं, कुणी बसलं.
छावणी दोन दिवसांत रिकामी झाली.
पोती राहिली, बायकांनी वाळू ओतून ती घरी नेली.
पावसाळ्यानंतर दुसरा झेंडा आला, दुसरी भाषा.
यांना आपणच बोलावलंय, रेडिओ म्हणाला.
आपण म्हणजे कोण,
हे रेडिओला उलट विचारता येत नाही.
मुमुनीला नवं जाकीट मिळालं. पाठ कोरी.

नव्या अधिकाऱ्यानं विचारलं, इथला प्रमुख कोण?
लोक पुन्हा गप्प.
पण ही शांतता ती नव्हती.
त्या वेळी सगळे बुबेकडे बघत होते,
या वेळी प्रत्येक जण आपापल्या पायाकडे.

बुबे गेला.
उतारावर त्याची नात बसते, खडे मांडत.
काल मला म्हणाली,
येताना पाच, जाताना चार.
कुणाला सांगू?

ऊन कलत आलं होतं.
मी बूट काढले, तिच्या खड्यांशेजारी ठेवले
आणि पाण्यात उतरलो.