आसन

पहिली पँट आली जर्मनीहून.
लांब. इतकी, की तिच्यात
मी आणि माझी धाकटी बहीण, दोघी मावलो असतो.
दुसरी कमरेला बसली, मांडीला अडली.
तिसरी मांडीला बरी, पण पेडल मारताना
मागून पाठ उघडी,
आणि माझ्या मागे असलेला बद्र, बिचारा,
सगळी चढण आभाळाकडे बघत चढला.
चौथीबद्दल मी बोलणार नाही.

बायकांच्या पँटीला खिसे नव्हते.
पुरुषांच्या पँटीला कंबर नव्हती.
मापांच्या तक्त्यात मी दोन रकान्यांच्या मधे,
त्या रेघेवरच कुठेतरी.

एकोणपन्नासाव्या वर्षी डोंगर चढायची हौस,
तीही सायकलवर, तीही मस्कतमध्ये.
चिपळूणहून फोन: "गाडी बिघडली का गं?"
आठवडा जातो रक्त तपासण्यात, दुसऱ्यांचं.
शुक्रवारी पहाटे माझं मला ऐकू येतं
कानशिलात, यितीच्या चढावर.
फक्त ही शिवण. ऐन आसनात रुतणारी.
अकरा किलोमीटर मी डोंगर पाहिलाच नाही,
शिवण पाहिली.

रुवीत, सोनारांच्या गल्लीमागे
मुजीबुरचं दुकान: एक मशीन, एक पंखा,
पंख्याच्या वाऱ्यावर डुलणाऱ्या पांढऱ्या दिशदाशा.
चारही पँटी मी टेबलावर टाकल्या,
पंचांपुढे कज्जा मांडावा तशा.
त्यानं त्या उलट्या केल्या, शिवणी वाचल्या,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"ये सब खड़े आदमी का नाप है, दीदी.
आप तो बैठते हो. सायकल लाओ."

मगरिबच्या अजाननंतर शटर अर्धं ओढून
दोन कपाटांच्या मधे सायकल उभी केली,
पुढचं चाक इस्त्रीच्या टेबलाला टेकवून.
मी सीटवर.
एक पाय वर, एक पाय खाली.
टेपचं टोक त्यानं माझ्याच हातात दिलं
आणि नजर आकड्यांवर ठेवली.
कंबर पुढून आखूड. मागून चार बोटं वर.
गुडघा एकदा वाकवून, एकदा सरळ,
दोन्हीतला फरक त्यानं खडूनं
मशीनच्या लाकडावरच लिहिला.
पोटरी निमुळती, साखळी चावू नये म्हणून.
मांडीवर खिसा, सहा खजूर मावतील एवढा.
आणि आसनात शिवणींची चौफुली नकोच, तिथे
पतंगाच्या आकाराची मियानी.

मला मुरूडची सुमनमावशी आठवली.
डोक्यावर पाटी, काष्टा घट्ट,
नऊ वार कापड, एक टाका नाही,
आणि होडीतून उडी मारताना कधी कुठे अडलेली नाही.
हे मुजीबुरला सांगितलं, तर त्याचा हात थांबला.
मागे खोचतात कसं, विचारलं त्यानं.
मी ओढणीनं करून दाखवलं.
फारसं जमलं नाही.

पुढच्या शुक्रवारी उतारावर
मोठा दगड आला, मी उठले, बसले, वळले,
शेळ्या नाइलाजानं बाजूला झाल्या,
दोन तपकिरी सुळक्यांच्या फटीत समुद्र
एकदम निळा.
बद्रनं विचारलं, "नवी का?"
मी म्हटलं, "काय नवी?"
मग खाली पाहिलं.

दोन महिन्यांनी गुडघा झिजला म्हणून
पुन्हा त्याच्याकडे गेले.
अठरा वर्षं रुवीत, आणि डोंगर त्यानं पाहिले ते
गच्चीवरून, कपडे वाळत घालताना.
झिजल्या जागेवर तो अंगठा फिरवत राहिला,
शिवणीतली धूळ नखानं काढून दिव्याखाली धरली.
"उजवीकडेच पडता तुम्ही," म्हणाला,
"वळण उजवं असणार. आणि खडी सुटी."
मी हो म्हटलं.
त्यानं आतून जाड कापड लावलं, उजव्या बाजूला फक्त,
आणि पैसे एकाच गुडघ्याचे घेतले.