पर्याय ब

फॉर्मवर दोन चौकोन:
प्रबंध, किंवा सर्वंकष परीक्षा.
मारेननं दुसऱ्यात फुली मारली
आणि पेनचं टोपण चावत बसली.

फेअरबँक्स. उणे एकतीस.
पार्किंगमध्ये गाड्या
वायरींनी खांबांना बांधलेल्या,
दावणीला असाव्यात तशा.

दोन हिवाळे अगाफियाबाईंच्या स्वयंपाकघरात
तिनं क्रियापदं गोळा केली होती,
बर्फाची, जाळ्यांची,
सुनेशी भांडायची वेगळी.
मग एके दिवशी बाई म्हणाल्या,
यात माझ्या बहिणीचा आवाज आहे. परत दे.
दिल्या. सगळ्या टेपा. हार्ड डिस्कसुद्धा.

आता चार तास, तीन प्रश्न.
स्वनविचार जमला, वाक्यविचार कसाबसा,
आणि तिसरा:
तुम्हाला परिचित भाषेतली उदाहरणं द्या.

तिनं तुर्की लिहिली,
पाठ्यपुस्तकातली, धुतल्या तांदळासारखी,
जिथे स्वर एकमेकांचं ऐकतात.
परीक्षकांना हवी तेवढीच.

घशाच्या तळाशी मात्र
एक व्यंजन अडून होतं.
ते बाईंनी तिला अकरा वेळा म्हणायला लावलं होतं,
अकरा वेळा मान हलवली होती, नाही, नाही,
आणि बाराव्यांदा
काही न बोलता
चहा ओतला होता.