धामण

तांडापेठेतले हातमाग बंद पडत गेले तसे
बाबांच्या खरादीवरून धोटे उतरायचे थांबले.
सहा महिने नुसता पट्टा लोंबत होता.
मग सदरच्या क्लबातला मार्कर, सॅमसन,
स्कूटरला आडवा बांधून
एक मोडका क्यू घेऊन आला.
"जोडून द्या ना निनावेजी, काठीच तर आहे."

बाबांनी ती काठी एक डोळा मिटून पाहिली
आणि त्या दुपारी जेवायला उठले नाहीत.

तेव्हापासून आमच्या घरात लाकूड झोपायला लागलं.
लकडगंजातून आणलेली धामण,
साप नव्हे, झाड,
जिचं पूर्वी धनुष्य व्हायचं,
जी वाकते आणि परत येते.
चिरून, सुतळीने आढ्याला टांगलेली,
प्रत्येक शेपटीला माझ्या वहीचा कागद
आणि माझ्या अक्षरात तारीख.
दर हिवाळ्यात खरादीवर चढवून
नखाएवढी साल काढायची, पुन्हा टांगायची.
मी चौथीत असताना टांगलेली काठी
मी बारावीत नापास झाले त्या वर्षी क्यू झाली.

मुठीकडचं लाकूड तेंदूचं.
तेंदू म्हटलं की लोकांना पान आठवतं, बिडी आठवते.
झाडाच्या पोटातलं काळं काळीज
कुणाला ठाऊक नसतं, ते जळणात जातं.
बाबा टालावर उकिडवे बसून
कुऱ्हाडीच्या आवाजावरून ते ओळखायचे
आणि किलोच्या भावाने घरी आणायचे.

मे महिन्यात सगळ्या गल्लीत कुलर घरघरायचे.
आमच्याकडे नाही.
"पाणी पेते ना ते लाकूड," बाबा म्हणायचे,
"एका रात्रीत पोट फुगते त्याचं."
आई ओला पंचा डोक्यावर घेऊन पोळ्या लाटायची.
"अन् माणसाचं काहीच नाही होत का बाप्पा?"

तयार क्यू दुकानात जायचे.
तिथे त्यांच्यावर सोनेरी अक्षरांतलं
कुठलंसं परदेशी नाव चिकटायचं.
आमचं आडनाव निनावे.
दुकानदार त्यावर दर दिवाळीला तोच विनोद करायचा,
बाबा दर दिवाळीला हसायचे.
बुडाच्या रबराखाली मात्र
लाल सुताचे सात फेरे, वर कोष्ट्याची गाठ.
वजनासाठी, म्हणायचे.

मागच्या वर्षी मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटली त्या रात्री
आढ्याच्या सगळ्या काठ्या उतरवून
दिव्यासमोर एकेक धरत बसले.
सकाळी म्हणाले,
"बेबी, ह्या साऱ्या जराशा डावीकडे जातात वं."
डॉक्टर म्हणाले, नवी भिंग आहे, सवय होईल.
आई म्हणाली, मग आता तरी कुलर आणू.

त्यांनी कामठीच्या शौकतला बोलावणं पाठवलं.
टायरचं दुकान, जिल्ह्यात दोनदा पहिला.
"घेऊन ये, फुकट सरळ करून देतो."
शौकत आला. खोळीतून क्यू काढला
आणि पाठीमागे धरून उभा राहिला,
जसं लहान मूल सुईसमोर हात लपवतं.
"अठरा साल झाले चाचा.
माझं कोपर हिच्यासोबतच वाकते.
सीधी केली तर मला पुन्हा शिकावं लागेल."

चहा घेतला. फक्त रबर बदलून घेतलं.
जुनं उपटलं तेव्हा खाली सूत दिसलं,
घामाने काळं पडलेलं, गाठ तशीच.
"हे काय आहे?"
"वजन," बाबा म्हणाले,
आणि नवं रबर ठोकायला हातोडी शोधू लागले
जी त्यांच्या मांडीवरच होती.

यंदा थंडी पडल्यावर त्यांनी एक नवी धामण टांगली.
शहात्तर वर्षांच्या माणसाने.
मी तारीख लिहिली, पेन अडखळलं,
ते म्हणाले, राहू दे, वाचता येते.
कुलर अजून आलेला नाही.