पापणी

मकरपुरा जीआयडीसी, शेड नंबर एकशे सात.
दोनशे टनी प्रेस खाली आली
की अख्ख्या शेडची पापणी लवायची.
बल्ब, पंखे, टाइमकीपरचा रेडिओसुद्धा
क्षणभर आवंढा गिळायचा.

अंबूकाकांना ऐकू येत नाही.
ते त्या लवण्यावर घाव मोजायचे,
शंभर झाले की भिंतीवर खडूची रेघ.

मार्चचं बिल बघून कनुशेठ म्हणाले,
"दळवी, दिवसभर वीज लागते मूठभर,
घावापुरती टोपलीभर,
त्या टोपलीचं भाडं मी महिनाभर भरू?"

मग आला कपाटाएवढा पत्र्याचा डबा.
आत कपॅसिटर, ओळीने, लोणच्याच्या बरण्यांसारखे.
प्रेस वर जाते तेव्हा तो घोट घोट भरतो,
खाली येते तेव्हा सगळं एकदम ओततो.
घाव पडला हे लाइनला कळतही नाही.
अँपिअरचा काटा झोपलेल्या मांजरासारखा.

मी पेढे वाटले.
अंबूकाका वर बघत उभे.
हातात खडू. पेढा तसाच, शर्टाच्या खिशात.

रविवारी एकटाच आलो.
डब्याच्या पोटातून दोन तारा काढून
त्यांच्या डोळ्यांसमोर एक लाल दिवा टांगला:
डबा रिता झाला की मंद,
भरत गेला की तेज.

सोमवारी सगळा उजेड सपाट, कोरा.
फक्त तो एक दिवा श्वास घेत होता.
काकांनी अकरापर्यंत बोटांवर पडताळून पाहिलं,
आणि माझ्याकडे न बघताच
खडूचं टोक शर्टाला घासलं.