साव

गव्हाण्यांच्या लग्नाचं एकशे चाळीस जीबी.
एकीकडे कॉपी, एकीकडे रेंडर,
आणि मधल्या खिडकीत तोच मुहूर्त लावून बसलेली मी,
धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर, रात्री दोन सतराला.

गुरुजींनी तोंड उघडलं: शुभमंगल साव
आणि तिथंच.
साव साव साव साव
स्पीकर तेवढाच तुकडा दळत राहिला.
अंतरपाट अर्धा खाली,
अक्षता हवेत, एकही डोक्यावर पडेना,
नवरीचे डोळे भरायच्या बेतात.
डिस्कचा दिवा पेटलेला, पापणी न लववता.
माउस फिरतो, पण सोवळ्यातला,
कशालाच शिवत नाही.

शेजारच्या बेंद्र्यांनी भिंतीवर थाप मारली.
मी बटण दाबून धरलं.
लग्न मोडलं.

एरवी तिची तक्रार नाही.
बिलं, पत्रं, बारशाचे पाचपन्नास फोटो,
मुकाट्यानं उचलते.
ओझं वाढलं की मात्र अशी बसते
की हूं की चूं नाही.

आधी संशय उन्हाळ्यावर.
पोळपाट उपडा घालून त्यावर लॅपटॉप, समोर टेबलफॅन.
साव साव.
मग रॅम बदलली,
चोर सोडून संन्याशाला फाशी, एकवीसशे रुपये.
मग केबल.
मग सगळं पुसून सगळं नव्यानं टाकलं,
त्यात माझा एक रविवार गेला आणि एक पासवर्ड.
शेवटी रात्रभर डिस्क तपासायला लावली,
सेक्टरमागून सेक्टर,
आणि सकाळी हिरवी रेघ: एकही खराब नाही.

तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.
काही सापडलं असतं तर
निदान भांडता आलं असतं.

तापकीर गल्लीत मुनाफ तांबोळींचं दुकान.
गिऱ्हाईक आत गेलं की मालकानं बाहेर यायचं, एवढं.
त्यांनी कलिंगडाला लावतात तसा कान लावला.
"मेलेली नाही. भांबावलीय."
म्हणजे?
"एका दमात बत्तीस कामं सांगता तुम्ही तिला.
ती सगळ्याला हो म्हणते, रांग लावते,
आणि आधी कुठलं, ह्यातच अडकून पडते.
वर वीज वाचवायला मधेच डुलकी काढायची खोड.
ती पण मोडतो."
पुढं काय टाइप केलं ते मला दिसलं नाही,
मी उंबऱ्याबाहेर होते.
"रांग बंद केली. एका वेळी एकच काम."
हळू चालेल?
"चालेल थोडी. पळून जाऊन केलेलं लग्न नाही ना?
मग थांबेल की."
दीडशे रुपये घेतले. चहा त्यांचाच.

आज पुन्हा तेच एकशे चाळीस.
गव्हाण्यांचे चार मिस्ड कॉल.
दिवा आता लुकलुकतोय,
मोजून पैसे देणाऱ्या माणसाच्या बोटांसारखा.
एकोणसत्तर मिनिटं बाकी म्हणतो,
मग शहात्तर, मग पुन्हा एकोणसत्तर.
मी श्वास धरून बसलेली.
शुभमंगल साव

धान.

अंतरपाट खाली आला.
तांदूळ पडले, काही नवऱ्याच्या कॉलरमध्ये.
आणि चार दिवस जिचे भरलेले डोळे पाहून
मीही थोडी हळवी होत होते
ती नवरी
जोरात शिंकली.

भिंतीपलीकडून बेंद्रे:
"झालं का एकदाचं?"