कमरेचं माप

अर्जावर प्रश्न होता : शस्त्र कशासाठी?
मी लिहिलं, आत्मसरक्षण.
बेलापूरच्या आयुक्तालयातला कारकून म्हणाला,
बाई, अनुस्वार राहिला.
तो दिला, तरी फाइल अकरा महिने फिरली.

कुतुबभाईंचं दुकान ठाण्याला,
जांभळी नाक्याच्या आतल्या गल्लीत.
दोन काढली त्यांनी. मखमलीवर नाही,
मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर ठेवली.
बावीस. बत्तीस.
मी नऊ एमएमचं नाव काढलं
तर म्हणाले, ते सरकारच्या ताटातलं,
आपण बघायचं नाही.

वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर
सत्तावीस वर्षं काढलीत मी,
हातात घेतलं की वजन कळतं.
बावीस म्हणजे पावशेर लसूण,
पर्समध्ये टाकून विसरून जावी इतकी.
बत्तीस तीन पाव भरली, जरा झुकती.
कुतुबभाई म्हणाले, बावीसचा धक्का कमी,
पण अंगानं भरलेला माणूस
थांबेलच असं नाही.
बत्तीस मनगट मागते.
मग चष्मा काढून विचारलं,
डोळ्यांपुढे कोण आहे?

सानपाड्याच्या पुलाखाली
मेहताजींच्या बोटांवर कोयता घालून
ज्यानं दिवसाची पट्टी नेली
त्याचं तोंड मला सांगायचं होतं.
ते आठवेना.
आठवला पद्माकर. धाकटा दीर.
गाळ्याच्या कागदांवर सही मागताना
'वहिनी' दोनदा म्हणतो.
छाती रुंद आहे त्याची.
मी म्हटलं, बत्तीस द्या.

होल्स्टर होते ते सगळे पुरुषांच्या पट्ट्याचे.

म्हणून कोपरीला भिवाजी सातपुत्यांकडे.
आयुष्यभर शिपायांचे पट्टे शिवलेला माणूस,
त्याच्यापुढे मी साडीत उभी.
साडीला पट्टा नसतो हो.
परकराच्या नाडीला तीन पाव लोखंड अडकवलं
तर दुपारपर्यंत परकर घोट्याशी.
ते हसले नाहीत.
टेप माझ्याच हातात दिली,
भिंतीकडे तोंड करून उभे राहिले
आणि मी आकडे बोलत गेले.
त्यात एक आकडा
नवरा असतानाही कुणाला सांगितला नव्हता.

पर्स नको, पर्स ओढूनच नेतात.
पोटावर नको, वाकलात की टोचेल.
उजव्या कुशीत, हाडाच्या थोडं मागे,
चार बोटं रुंद पट्टा.
चापावर पूर्ण झाकण, त्यात तडजोड नाही.
पदर पाठीमागून आणून उजवीकडे खोचायचा,
कामाच्या बाया खोचतात तसा.
चामडं म्हशीचं. आठ दिवस कुरकुरलं.
मार्केटात वाटलं, बाईंनी नवी चप्पल घेतली.

रात्री स्वयंपाकघरात, गोळ्या काढून, सराव.
पदर, बटण, मूठ.
पदर, बटण, मूठ.
पहिल्याच दिवशी निऱ्या सुटल्या.
नात मिठी मारायला धावली की
मी डावी बाजू पुढे करते.
ती आता डावीकडूनच येते,
कुणी न शिकवता.

पद्माकर रविवारी आला, पिशवीत कागद.
वहिनी, वहिनी.
आरशात तीनदा बघितलं होतं मी,
काही दिसत नव्हतं.
चहा मी डाव्या हातानं पुढे केला.

आमच्याकडे डाव्या हातानं
भिकाऱ्यालाही कुणी देत नाही.

त्यानं कप बघितला.
मग माझा रिकामा उजवा हात.
मग बराच वेळ बशी.
चहावर साय धरली.
कागद पिशवीतून निघाले नाहीत.

दारात चपलेत पाय घालताना,
खालीच बघत, म्हणाला,
मनगट दुखतंय का वहिनी?
एकदाच म्हणाला.
मी म्हटलं, नाही.
सवय करतेय.